जानेवारीतला गुलाब बघू नका, ऑगस्टमधला बघा

मी ब्लाउज शिवते. धनकवडीत, घराच्या पुढच्या खोलीत, २२ वर्षं झाली. वर गच्ची आहे आणि तिथे आज मोजून ३१ कुंड्या गुलाबाच्या आहेत. ब्लाउज न्यायला आलेली बाई जिन्यातून वर डोकावते, एखादं फूल मागते आणि मग विचारते, "काकू, हा कुठला? मला पण आणायचाय." नुसता रंग सांगून भागत नाही. नर्सरीत जाऊन "लाल गुलाब द्या" म्हटलं की काय पदरात पडतं ते मी भोगलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मापाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी गुलाबांचा हिशोब ठेवते. कधी आणला, केवढ्याला, वर्षात फुलं किती, आणि ऑगस्ट संपताना झाडावर पानं किती उरली. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सुचायला मला तीन वर्षं आणि चौदा-पंधरा मेलेली झाडं लागली.

त्याचं असं आहे. पुण्यात जानेवारीत कुठलाही गुलाब चांगलाच दिसतो. रात्री गार, हवा कोरडी, ऊन कोवळं. ऑक्टोबरात छाटलेली झाडं तोवर दुसऱ्या बहरात आलेली असतात. एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन जानेवारीतच असतं. तिथे जाऊन माणूस वेडा होतो आणि येताना रिक्षात चार पिशव्या घेऊन येतो. मी दरवर्षी यायची. ते म्हणजे दुकानातल्या दिव्याखाली साडी घेण्यासारखं. रंग पक्का की कच्चा ते पहिल्या धुण्यात कळतं, आणि गुलाबाचं पहिलं धुणं म्हणजे जुलै-ऑगस्ट. आठ-आठ दिवस ऊन नाही, पानं दिवसभर ओली, आणि मग पानांवर ते झालरीच्या कडेचे काळे ठिपके. पान पिवळं पडतं, गळतं. ज्या झाडाला ते सोसत नाही त्याच्या सप्टेंबरपर्यंत नुसत्या काड्या उरतात.

आता एकेक घेते. गुण माझे, माझ्या गच्चीचे. गच्ची पश्चिमेला उघडी आहे, कुंड्या १२ आणि १४ इंची, माती म्हणजे लाल माती, जुनं शेणखत आणि कोकोपीट.

ग्लॅडिएटर. हा अमेरिकेतला, १९५५ सालचा. आपल्याकडे पॉलीहाऊस येण्याआधी मार्केट यार्डात गुलाब म्हणजे हाच. माझ्या लग्नातल्या हारात हाच होता, फोटोत ओळखू येतो. मोठ्या बोंडाचा, चेरीसारखा लाल, दांडा सरळ आणि जाड. वास जवळजवळ नाही. काटे असे की वर्षाला एक तरी ओढणी फाटते. तरीही कोणी पहिल्यांदा गुलाब लावणार असेल तर मी डोळे झाकून ग्लॅडिएटर सांगते. माझ्याकडचा सहा वर्षांचा आहे. ऑगस्टच्या शेवटी त्याच्यावर निम्म्याहून जास्त पानं असतात, ऑक्टोबरात छाटला की दीड महिन्यात बोंडं. गेल्या वर्षी वहीत ५८ फुलं मांडलीत. फूल जुनं झालं की लालाचा जांभळट गुलाबी होतो, तेवढं एक मला आवडत नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, हा फार साधा. असू दे. रोज नेसायची साडी साधीच असते. दहापैकी आठ.

डबल डिलाईट. याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण याच्यावरून माझी सगळ्यात जास्त भांडणं झालीत. दुधी रंगाच्या पाकळ्या आणि कडेला कुंकू पसरल्यासारखी लाली, वास गोड, मसाल्याचा. १९७७ साली अमेरिकेत आला आणि पुढे गुलाबवाल्यांच्या जागतिक संघटनेच्या मानाच्या यादीत जाऊन बसला. मी पहिला आणला तेव्हा गच्चीवर हिरवं शेडनेट होतं. फुलं आली ती नुसती दुधी, कडेला पुसटशी गुलाबी रेघ. मी तशीच नर्सरीत गेले आणि फसवलंत म्हणून बरंच बोलले. तिथल्या माळीकाकांनी शांतपणे विचारलं, "ताई, जाळीखाली ठेवलाय का?" मग सांगितलं की याची लाली उन्हाने येते. झाड जाळीतून काढून कठड्याजवळ ठेवलं आणि पुढचं फूल लालबुंद कडेचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती लाली चढते असं नंतर वाचलं. जाळीखाली वास तेवढाच येतो, रंग मात्र येत नाही. काकांची माफी मागायला संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले होते.

पण आता काकांनाही न सांगितलेली गोष्ट. डबल डिलाईटला थंडीत भुरी फार लवकर लागते. डिसेंबरात कोवळ्या फुटव्यावर पिठी चाळल्यासारखी पांढरी बुकटी येते आणि पानं द्रोणासारखी वळतात. पाण्यात विरघळणारं गंधक सकाळी लवकर फवारलं तर आटोक्यात राहते. उन्हाळ्यात गंधक मारू नका, पानं करपतात. मी मार्चच्या शेवटी मारलं आणि स्वतःच्या हाताने दोन झाडं भाजली. ऑगस्टमध्ये पानं साधारण पाव उरतात. फुलं वर्षाला ३०-३५. सात गुण, त्यातले दोन वासाचे.

पापा मिलांड. फ्रान्समधल्या मेयां घराण्याचा, १९६३ सालचा. आपल्याकडे सगळे मिलांडच म्हणतात, मीही म्हणते. काळपट लाल. मी मखमलीचे ब्लाउज शिवते, मखमलीला एक लव असते, एका दिशेने हात फिरवला की गडद आणि उलट फिरवला की उजळ. या पाकळीला तशी लव आहे. वास असा की एक फूल कात्रीपाशी ठेवलं तर शिवणाची खोली संध्याकाळपर्यंत भरलेली असते.

आणि झाड? झाड म्हणजे नुसता ताप. भुरी याला, काळे ठिपके याला, एप्रिलच्या उन्हात पाकळ्यांच्या कडा जळून काळ्या कुरकुरीत होतात त्या याच्याच. फांदी छाटल्या जागेपासून काळी पडत खाली सरकते, मोरचूद-चुन्याचा लेप लावला नाही तर पंधरा दिवसांत बुंध्यापर्यंत जाते. आतापर्यंत तीन पापा मिलांड गेले, चौथा आहे. गेल्या वर्षी त्याने ११ फुलं दिली. वहीत चार गुण लिहिलेत. कुंडी मात्र जिन्याच्या तोंडाशीच ठेवलीय, वर आल्यावर पहिली तीच. ह्यांनी एकदा विचारलं, की एवढं वाईट आहे तर दर वेळी का आणतेस? मी म्हटलं, तुमच्या बहिणीचा ब्लाउज पण मी दर दिवाळीला शिवतेच ना.

आईसबर्ग. पांढरा, झुपक्याने येणारा, जर्मनीतल्या कोर्डेस यांचा, १९५८. जर्मनीत त्याचं नाव वेगळं आहे, गोष्टीतल्या हिमगौरीचं. काटे कमी, वास नावापुरता. एकेक फूल बघायला गेलं तर काही नाही, पातळ मलमल. पण नोव्हेंबरात एका झाडावर एकाच वेळी चाळीसेक फुलं असतात, तेव्हा गच्चीवर कोणीतरी दुपट्टे वाळत घातलेत असं वाटतं. फुलं मोजायचं मी दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. पावसात कळ्यांवर गुलाबी ठिपके पडतात, फुलात ते तसेच राहतात. घाबरू नका. सत्यनारायणाला, गणपतीला पांढरं फूल लागतं, म्हणून माझ्याकडे याच्या चार कुंड्या आहेत. साडेआठ. अर्धा गुण वासासाठी कापला असं समजा.

पीस. याची गोष्ट झाडापेक्षा मोठी. मेयां घराण्यातल्याच फ्रान्सिस यांनी तो केला आणि फ्रान्समध्ये त्याला आपल्या आईचं नाव दिलं. १९४५ मध्ये महायुद्ध संपत आलं असताना अमेरिकेत त्याचं नाव 'शांती' ठेवलं. फिकट पिवळा, कडेला गुलाबी झाक, फूल ओंजळीएवढं. थंडीत बघावा तर डोळ्यांचं पारणं फिटतं. मार्च लागला की पिवळा उडतो आणि उरतं ते चार वेळा ब्लीच केलेलं कापड. याला जोराची छाटणीही मानवत नाही. मी ग्लॅडिएटरसारखा गुडघ्यापर्यंत कापला, तर सहा महिने रुसून बसला. पुण्यात, कुंडीत, मला जमला नाही. नाशिकला माझ्या मावसबहिणीकडे जमिनीत लावलेला आहे, तिचा छान आहे, म्हणजे दोष माझ्या गच्चीचाही असेल. पाच.

ब्लू मून. निळा नाही. परत सांगते, निळा नाही. जर्मनीतल्या टांटाऊंचा, साठच्या दशकातला, रंग फिकट जांभळा, साडीच्या दुकानात ज्याला लव्हेंडर म्हणतात तो. वास लिंबासारखा आणि खूप छान. झाड नाजूक, फांद्या वरून मरतात. गुलाबात निळ्या रंगाला लागणारं द्रव्य नसतंच. जपानमध्ये जनुकं बदलून केलेला गुलाब २००९ मध्ये विकायला आला, तोही दिसतो जांभळाच. त्यामुळे ऑनलाइन 'निळ्या गुलाबाचं बी, ५० दाणे' दिसलं तर पैसे वाचवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने मागवलं होतं. उगवलं ते मी बघून आले, राजगिऱ्याच्या जातीचं काहीतरी होतं. तिने भाजी केली म्हणे. ब्लू मूनला सहा.

मोहिनी. ही आपली, दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची. झुपक्याने येते, रंग चॉकलेटी तपकिरी, थंडीत तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा आणि उन्हाळ्यात विटेसारखा. असा रंग दुसऱ्या कुठल्या फुलात मी तरी पाहिला नाही. बायका पहिल्यांदा बघतात तेव्हा वाळलंय का असं विचारतात. मला फार आवडते. तिच्यामुळे कळलं की आपल्याकडेही गुलाबाच्या जाती करणारी माणसं झाली. डॉ. बी. पी. पाल हे मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, पण गुलाबाच्या जाती त्यांनी स्वतः हौसेने तयार केल्या: दिल्ली प्रिन्सेस, बंजारन, डॉ. होमी भाभा. ही नावं पुण्यातल्या नर्सरीत विचारली की समोरचा माणूस माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "ताई, रंग सांगा." मोहिनी मिळायलाच मला दोन हिवाळे गेले. साडेसात, आणि मिळाली तर सोडू नका.

रंग सांगा! इथेच सगळा घोळ आहे. विकणारा रंगावर विकतो, घेणारा रंगावर घेतो, नाव कोणालाच नको असतं. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिथे मी वर्षातून एकदा जाते. चांगली झाडं मिळतात, भावही बरे, पिशवीतलं कलमी झाड मला ८० ते १५० रुपयांत मिळालंय. पण त्याच भागात एका नर्सरीने मला 'पापा मिलांड' म्हणून दिलेली दोन झाडं फुलल्यावर एक गुलाबी निघालं आणि एक शेंदरी. चिठ्ठीवर फोटो छापील, झाड भलतंच. नाव नाही घेत. फोन केला तर म्हणाले, "फूल चांगलं आहे ना ताई?" फूल चांगलंच होतं. पण पिवळ्या ब्लाउजचं कापड दिलेल्या बाईला मी हिरवा शिवून दिला आणि फिटिंग चांगलं आहे ना म्हणाले, तर चालेल का?

तेव्हापासून नियम केलाय, फूल उमललेलं असेल तरच नावाने घ्यायचं. नाहीतर चिठ्ठीला मान न देता 'अनोळखी लाल' असं वहीत लिहायचं. असे अनोळखी माझ्याकडे सात आहेत आणि त्यातला एक सगळ्यांत गुणी आहे. त्याला नाव नाही म्हणून कोणाला सांगता येत नाही.

झाड उचलताना मी काय बघते तेही सांगते. डोळा भरलेला जोड, म्हणजे बुंध्याशी ती गाठ, मातीच्या वर हवी आणि तिच्यातून निदान दोन जाड हिरव्या फांद्या निघालेल्या हव्यात. फुलं किती आहेत ते बघायचं नाही. मग पिशवी दाबून बघायची. दगडासारखी लागली तर बहुतेक कलकत्त्याकडून आलेलं झाड, चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेलं. ते तसंच कुंडीत लावलं की वर पाणी घालत राहा, आतली मुळं कोरडीच, नाहीतर कुजतात. मी असा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवते आणि माती बोटांनी हळूहळू सोडवते. दहातली सहा-सात झाडं जगतात. स्वस्त असतात, ५०-६० रुपयांना मिळतात, म्हणून मोह होतो.

आणि गाठीच्या खालून, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या जंगली खुंटातून, आलेला फुटवा ताबडतोब मोडायचा. मोडायचा म्हणजे कापायचा नाही, ओढून मुळापासून काढायचा. लोक सांगतात सात पानांची फांदी म्हणजे जंगली, पाचाची म्हणजे खरी. यावर जाऊ नका, चांगल्या कलमालाही सात येतात. फांदी निघते कुठून ते बघा. आमच्याकडे एका पावसाळ्यात मी आईच्या आजारपणात महिनाभर वर गेलेच नाही. ह्यांनी पाणी घातलं. खाली आले की म्हणायचे, तो कठड्याजवळचा गुलाब काय जोमाने वाढलाय! जाऊन बघते तर वरचं कलम केव्हाच वाळलेलं आणि खालचा खुंट चार फूट उंच. ह्यांना अजून वाटतं की त्यांच्या हाताला गुण आहे.

पॉलीहाऊसच्या गुलाबांबद्दल विचारतात, म्हणून दोन ओळी. तळेगाव-मावळात होतात ते टॉप सीक्रेट, ताजमहल, गोल्ड स्ट्राईक, ते व्हॅलेंटाइनला परदेशात जातात. ते गच्चीसाठी नाहीत. मी एक टॉप सीक्रेट लावून पाहिला, फुलदाणीत दहा दिवस टिकतो म्हणून. उघड्यावर फूल लहान, दांडा वाकडा, थ्रिप्स नावाच्या बारीक किड्यांनी पाकळ्या खरवडलेल्या. आणि गुच्छातली काडी बटाट्यात खोचून लावायचा व्हिडिओ सगळ्यांना येतो तो मलाही आलाय. समोरच्या घरातल्या मुलीने करून पाहिलं. बटाट्याला कोंब आले.

राहिला गावठी. नर्सरीवाले याला गुलाबात धरतच नाहीत, २५-३० रुपयांत देतात. गुलाबी, चपटा, सकाळी उमललेला संध्याकाळी गळतो. माझ्याकडचा एडवर्ड, जो कलमांना खुंट म्हणूनही वापरतात. मूळ रियुनियन बेटावरचा, म्हणजे समुद्र ओलांडून आलेला आणि आपल्याकडे येऊन 'गावठी' झालेला. सासूबाईंनी २०११ मध्ये काडी आणली ती अजून आहे. एकाही औषधाचा थेंब नाही. ऑगस्टच्या रकान्यात त्याच्यापुढे दरवर्षी एकच शब्द, 'सगळी'. सासूबाई सकाळी परडी भरून देवाला नेतात आणि मे महिन्यात उरलेल्या पाकळ्या खडीसाखरेबरोबर बरणीत थर देऊन उन्हात ठेवतात. ३०० ग्रॅम पाकळ्यांना दुप्पट साखर, तीन आठवडे ऊन. ग्लॅडिएटरच्या पाकळ्यांचा गुलकंद एकदा करून पाहिला, दोरे चघळल्यासारखा लागला. याला गुण देणं सासूबाईंना आवडलेलं नाही, त्यामुळे देत नाही.

तर या वर्षी: पीसची एक कुंडी रिकामी करतेय, तिथे तिसरा ग्लॅडिएटर येईल. पापा मिलांड चौथा गेला तर पाचवा येईल. छाटणी दसऱ्याच्या आसपास, पाऊस पूर्ण उघडला की. त्या आठवड्यात ज्यांना आईसबर्गच्या काड्या हव्या असतील त्यांनी यावं, ब्लाउज टाकलेला असो वा नसो. येताना आपली कात्री आणावी. गेल्या वर्षी माझी नऊ इंची कापडाची कात्री वर नेऊन कोणीतरी ग्लॅडिएटर छाटला, आणि ती आता शिफॉन कापत नाही, चावते.